२६ जोड्या, सहा स्क्वेअर : शेत-रिसॉर्टवरच्या एका स्क्वेअर डान्स वीकेंडचे प्रकरण

स्क्वेअर डान्स म्हणजे चार जोड्यांनी चौकोनात उभे राहून, पुकारलेल्या सूचनांवर करायचा नाच. अमेरिकेतल्या अनेक स्क्वेअर डान्स क्लबांना वर्षातून एखादा वीकेंड गावाबाहेर काढायची हौस असते. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचायचे, रविवारी दुपारी निघायचे, राहणे-जेवणे एकाच आवारात आणि उरलेल्या वेळात पाय साथ देतील तितके नाचायचे. नॉर्थ कॅरोलायनात धरणाच्या कामगारांसाठी वसवलेले आणि पुढे रिसॉर्ट झालेले फोंटाना व्हिलेज, मिसूरीतल्या लेक ऑफ द ओझार्क्सच्या काठचे कर्कवूड लॉज ही अशा मुक्कामांची जुनी, नावाजलेली ठिकाणे. शेत-रिसॉर्टवर तशी तयार व्यवस्था नसते. गवत आणि गुरांसाठी बांधलेला बार्न लग्नसमारंभांसाठी झाडून-पुसून ठेवलेला असतो. खाली काँक्रीट, वर पत्रा. बाकी व्यवस्था आपणच न्यायची.

इथे मांडलेले प्रकरण पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ भागातल्या अशा एका शेतावर ऑक्टोबरात घडते. क्लब आणि शेत दोन्ही कल्पित आहेत. अशा वीकेंडांमध्ये हमखास होणाऱ्या गोष्टी एकत्र आणून ते बांधले आहे आणि आकडे त्या मांडणीचे आहेत. वीकेंड ‘प्लस’ या वरच्या पातळीचा म्हणून जाहीर झाला, दोन कॉलर (हालचालींची नावे, म्हणजे ‘कॉल’, पुकारणारे) आणि एक क्यूअर (जोडीच्या नाचांना सूचना देणारा) ठरले, ५२ माणसे आली आणि शुक्रवारी रात्री पहिल्याच टिपमध्ये, म्हणजे पहिल्याच डावात, सहापैकी चार स्क्वेअर मोडले. दोष आधी आवाजावर गेला, मग फरशीवर, मग नव्या नर्तकांवर. खरा दोष सात आठवडे आधी खोल्यांच्या हिशेबात झाला होता.

आधी खेळाचे नियम

एका स्क्वेअरमध्ये चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना, तोंडे आत. कॉलरकडे जिची पाठ ती पहिली जोडी. तिथून उजवीकडे दुसरी, तिसरी, चौथी. पहिली आणि तिसरी ‘हेड्स’, दुसरी आणि चौथी ‘साइड्स’. जोडीत स्त्रीची जागा पुरुषाच्या उजव्या हाताला. हल्ली दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष मिळूनही जोडी होते, म्हणून कोण कुठल्या बाजूने नाचतो एवढे नोंदवले की पुरते.

नाचाचा एक डाव म्हणजे टिप. तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागाला पॅटर म्हणतात. त्यात कॉलर मागे ठेका धरून स्वतःला सुचेल तसे कॉल देतो. पुढे काय येणार हे नर्तकाला ठाऊक नसते आणि सगळी मजा त्यातच आहे. दुसरा भाग सिंगिंग कॉल, म्हणजे ओळखीच्या गाण्यात गुंफलेले कॉल. त्याची सात आवर्तने असतात, प्रत्येकी ६४ मात्रांची, एकूण ४४८ मात्रा. मिनिटाला १२४ मात्रांच्या लयीत ते साधारण साडेतीन मिनिटांत संपते. चार आवर्तनांत जोडीदार बदलत जातो आणि चौथ्याच्या शेवटी आपला माणूस परत मिळतो. दोन टिपांच्या मध्ये क्यूअर राउंड डान्स घेतो: वॉल्ट्झ, टू-स्टेप वगैरे जोडीचे नाच, सूचना ऐकत नाचायचे.

प्रत्येक मात्रेला एक पाऊल पडते. बारा मिनिटांची टिप म्हणजे जवळजवळ दीड हजार पावले, आणि अडीच तासांच्या रात्रीत सात टिपा म्हणजे दहा हजारांच्या पुढे. नर्तकांचे वय बहुधा साठीच्या आसपास किंवा पलीकडे असते. फरशी, जेवणाची वेळ, दुपारची विश्रांती या गोष्टी त्यामुळेच चैनीच्या राहत नाहीत.

पातळीचे नाव मात्र सगळ्यांत महत्त्वाचे. १९७४ पासून काम करणाऱ्या कॉलरलॅब या कॉलरांच्या संघटनेने कॉलच्या याद्या आणि व्याख्या ठरवून दिल्या आहेत. मेनस्ट्रीममध्ये सत्तरेक कॉल, प्लसमध्ये त्यावर आणखी तीसेक, पुढे अॅडव्हान्स्ड आणि चॅलेंज. कॉल सगळीकडे इंग्रजीतच दिले जातात, त्यामुळे ओहायोत शिकलेला माणूस जपानात किंवा जर्मनीतही बेधडक उभा राहू शकतो. हे शक्य होते ते पातळीच्या नावावर सगळे विसंबतात म्हणून. पत्रकावर ‘प्लस’ छापले की येणाऱ्याने ते सगळे कॉल विचार न करता नाचता यायला हवेत आणि कॉलरने ते द्यायला हवेत.

या नाचात एकट्याची चूक एकट्याची राहत नाही. गोव्याच्या शिगम्यातला गोफ पाहिलेल्यांना हे लगेच कळेल: एकाने आतून जायच्या जागी बाहेरून पाऊल टाकले की सगळी वीण अडते, आणि ती सोडवायला सगळ्यांनाच थांबावे लागते.

हिशेब कुठे चुकला

शेताशी केलेल्या करारात किमान ५० माणसांची हमी होती. शुक्रवारचे रात्रीचे जेवण ते रविवारचे दुपारचे जेवण, दोन रात्री, माणशी २४० डॉलर. कमी पडलेल्या प्रत्येक माणसाचे पूर्ण पैसे क्लबने भरायचे. आकडा खाली आणायची शेवटची मुदत ६० दिवस आधीची होती. ती कोणी पाहिली नाही.

सात आठवडे उरले तेव्हा नोंदणी होती १८ जोड्यांची, म्हणजे ३६ माणसे. सगळी प्लसची. १४ माणसांची तूट म्हणजे ३,३६० डॉलरचा खड्डा. समितीने सोपा रस्ता धरला. क्लबाच्या मेनस्ट्रीम वर्गातून त्याच वसंतात बाहेर पडलेल्या आठ जोड्यांना निरोप गेला: ‘या, सांभाळून घेऊ.’ सगळ्या आल्या. ५२ झाले, खड्डा बुजला. पत्रक बदलले नाही आणि कॉलरांनाही कळवले नाही. त्यांचे बोलणे दीड वर्षापूर्वी प्लसवर झाले होते आणि शुक्रवारच्या जेवणाच्या टेबलावर त्यांना ही गोष्ट कळली, तीसुद्धा गप्पांच्या ओघात.

नव्या जोड्यांचा इथे काडीचा दोष नाही. त्यांना कॉल शिकवलेच गेले नव्हते.

‘२६ पैकी आठच तर नवीन आहेत’ हा समितीचा दिलासा किती फसवा आहे ते मोजून पाहता येते. जोड्या जशा येतील तशा उभ्या राहिल्या, तर एखाद्या स्क्वेअरमध्ये एकही नवी जोडी नसण्याची शक्यता २० टक्क्यांच्या किंचित वर असते. म्हणजे सहा स्क्वेअरपैकी जेमतेम एक पूर्ण मुरलेला. एकच नवी जोडी असण्याची शक्यता ४४ टक्के आणि दोन किंवा अधिक असण्याची ३६ टक्के. चारात एक जोडी कच्ची असेल तर बाकीच्या तिघी हाताने, नजरेने, हलक्या ढकलण्याने तिला पार नेतात. दोन कच्च्या असल्या आणि त्या समोरासमोर पडल्या, तर नेणारेच उरत नाहीत. शुक्रवारी तसेच झाले.

शुक्रवार : तीन कारणे एकमेकांत अडकलेली

फरशीचे काम क्लबाने बरे केले होते, एक चूक सोडली तर. काँक्रीटवर दहा हजार पावले टाकली की दुसऱ्या दिवशी गुडघे आणि पोटऱ्या बोलतात, म्हणून पाऊण इंची प्लायवुडचे ४ × ८ फुटांचे तक्ते भाड्याने आणले. एका स्क्वेअरला १२ × १२ फूट लागतात. सहा स्क्वेअर दोनाच्या तीन रांगांत, म्हणजे २४ × ३६ फूट, म्हणजे २७ तक्ते. गणित बरोबर, पण कडेला एक इंचही सूट नाही. प्रॉमेनेडमध्ये जोडी बाहेरच्या अंगाने फिरते आणि कडेच्या स्क्वेअरातल्या बायकांचा पाय पाऊण इंच खाली काँक्रीटवर पडू लागला. २८ × ४० फूट, म्हणजे ३५ तक्ते घेतले असते तर प्रश्नच नव्हता, आणि ४० × ६० फुटांच्या त्या बार्नमध्ये खुर्च्या आणि मंचाला जागा उरलीच असती. रात्री कडांना पिवळी पट्टी चिकटवली, शनिवारी सकाळी उतार दिलेल्या लाकडी पट्ट्या ठोकल्या.

असे तक्ते घालताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काँक्रीटमधली ओल वर येऊन प्लायवुड फुगते, म्हणून खाली जाड प्लास्टिक अंथरायचे. शेजारचे तक्ते खालून पट्टीने स्क्रूने जोडायचे, नाहीतर तासाभरात सरकून फटी पडतात. स्क्रूचे डोके लाकडात बुडालेले हवे. आणि वर मेण किंवा पावडर काही टाकायचे नाही. स्क्वेअर डान्समध्ये पाय घासत नेतात, पण घसरता कामा नये. शेतावर आणखी एक शत्रू असतो: पार्किंगमधली खडी. बुटाच्या तळव्यात अडकलेला एक खडा लाकडावर रेघा ओढतो आणि वळताना पाय अडकवतो. दारातच बाके मांडून ‘नाचाचे बूट इथे बदला’ असे लिहिले की काम होते.

आवाजाचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे होते. शेताची ध्वनियंत्रणा लग्नाच्या डीजेसाठी लावलेली, छाती हलेल एवढा बेस. कॉलरला लागते ते नेमके उलट. त्याचा शब्द पडतो आणि पुढच्या दोन-चार मात्रांत पाय हलवायचा असतो. ‘थ्रू’ आणि ‘टू’ यांतला फरक ऐकू आला नाही तर सगळे गेले. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि ती साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या भागात असतात. पत्र्याचे उंच छप्पर आणि काँक्रीट यांच्यामध्ये खालचे सूर घुमत राहतात आणि व्यंजनांवर पांघरूण घालतात. या खेळातले कॉलर त्यामुळेच आपला उभा, अरुंद कॉलम स्पीकर बाळगतात. आवाज छताकडे कमी आणि माणसांकडे जास्त जातो.

पहिल्या टिपनंतर कोणीतरी शेताचाच एक जादा स्पीकर मागच्या भिंतीशी नेऊन ठेवला. हेतू चांगला, परिणाम वाईट. ६० फुटांवरून येणाऱ्या आवाजाला हवेतून पोहोचायला सुमारे ५३ मिलिसेकंद लागतात, पण तारेतून तोच आवाज मागच्या स्पीकरला तत्काळ मिळतो. मागच्या स्क्वेअरला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊ लागला. अशा स्पीकरला मिक्सरवर तेवढाच उशीर लावावा लागतो; मिक्सरमध्ये ती सोय नसेल तर तो स्पीकर न लावलेलाच बरा.

त्यात वीज गेली. कॉफीची १०० कपांची टाकी १,५०० वॅटची, थंडी म्हणून लावलेला हीटर १,५०० वॅटचा, आणि दोन्ही मंचामागच्या त्याच सर्किटवर ज्यावर अॅम्प्लिफायर होता. अमेरिकेत १२० व्होल्टवर २० अँपिअरचे सर्किट म्हणजे २,४०० वॅट. अशा चतुर्थांश जादा भारावर ब्रेकर लगेच पडत नाही. काही मिनिटे तग धरतो आणि मग नेमका टिपच्या मध्यात पडतो. म्हणून सामान लावताना केलेल्या चाचणीत दोष दिसत नाही. ध्वनीचे सर्किट वेगळे, त्यावर दुसरे काही नाही, आणि कोणता प्लग कुठल्या ब्रेकरवर आहे याचा कागद मंचाला चिकटवलेला, हे शुक्रवारी दुपारीच व्हायला हवे.

आता रोगाचे निदान. आवाज खराब आहे म्हणून स्क्वेअर मोडतात, की कॉल येत नाहीत म्हणून? दोन्ही कारणांचे दृश्य सारखेच असते: आठ माणसे, चार दिशांना पाहणारी. कॉलरने तिसऱ्या टिपमध्ये जे केले ते या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे काम. त्याने सबंध पॅटर फक्त मेनस्ट्रीमच्या कॉलांवर ठेवला. आवाज तोच, जागा त्याच. पुढचे आणि मधले स्क्वेअर पार पडले. मागचे दोन तरीही अडखळले. चौथ्या टिपमध्ये प्लस परत आणला तेव्हा पुढचेही मोडले. अर्थ स्पष्ट होता: मागे आवाजाची अडचण खरी, पुढे पातळीची. राउंड चालू असताना त्याने आवाजातले १५० हर्ट्झच्या खालचे सूर कापले, संगीत खाली आणले, मागचा स्पीकर बंद केला, पुढचे दोन साडेसात फुटांवर चढवून थोडे खाली झुकवले. मागच्या भिंतीवर शेतवाल्यांच्या जाड गोधड्या टांगल्या. गवताचे गठ्ठे रचले तर आवाज तेही शोषतात, पण धुळीने शिंका सुरू होतात आणि हीटरशेजारी ते ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. मागचे स्क्वेअर त्यानंतर सावरले. पुढच्यांचा प्रश्न तसाच राहिला.

एक कॉल उलगडून

लोड द बोट हा प्लसमधला नेहमीचा कॉल घेऊ. दोन रांगा समोरासमोर, प्रत्येकीत चार माणसे. टोकाची माणसे बाहेरच्या अंगाने पुढे चालतात, समोरून येणाऱ्या टोकाच्या तीन माणसांना उजव्या खांद्याने ओलांडतात आणि पाव वळण घेऊन आत पाहतात. त्याच वेळी मधली चार माणसे एकमेकांतून आरपार जातात, पाव वळण बाहेर घेतात, शेजाऱ्याशी जागा बदलतात आणि पुन्हा आरपार जातात. सगळे बारा मात्रांत, म्हणजे साधारण सहा सेकंदांत.

टोकाचे काम सोपे वाटते, पण मोजणी चुकते. नवा माणूस दोघांना ओलांडूनच वळतो. मधले काम मुळातच अवघड, आणि न शिकवलेला माणूस पाव वळण आत घेतो, कारण मेनस्ट्रीममध्ये रांगा वळल्या की त्याला आत वळायची सवय लागलेली असते. वळण चुकले की जागा बदलायला शेजारी सापडत नाही. सहा सेकंदांत समजावून सांगायला वेळ नसतो, आणि कॉलरचा पुढचा कॉल आलेला असतो.

मोडलेल्या स्क्वेअरने काय करायचे हे ठरलेले आहे: भांडायचे नाही, शोधत बसायचे नाही. आपापल्या जोडीदाराला धरून दोन समोरासमोर रांगा करायच्या आणि थांबायचे. बाकीचे स्क्वेअर तशा रांगांत आले की चांगला कॉलर मुद्दाम ‘पुढे या, मागे जा’ घेतो. त्या आठ मात्रांत मोडलेले आत शिरतात. शुक्रवारी निम्म्याहून अधिक स्क्वेअर रांगांत उभेच होते.

आणखी एक नुकसान बाहेरून दिसत नाही. पॅटर आधी लिहिलेला नसतो. कॉलर एका स्क्वेअरवर नजर ठेवतो, त्यातल्या दोन जोड्या कोण आणि कुठल्या हे लक्षात ठेवतो, त्यांना पुन्हा ओळीत आणतो आणि ‘अलमांड लेफ्ट’वर सगळ्यांना आपापल्या जोडीदाराकडे सोडतो. तो नजरेचा स्क्वेअरच मोडला तर परतीची वाट हरवते. अशा मिश्र गर्दीत जमिनीच्या दोन वेगळ्या भागांतले दोन स्क्वेअर धरून ठेवणे हा एकच उपाय. ते शिकलेले कॉलरही पहिल्या टिपला आळस करतात, कारण पत्रकावर ‘प्लस’ लिहिलेले असते.

रात्री साडेदहा ते सकाळी दहा

दोन कॉलर, क्यूअर आणि समितीतले तिघे रात्री बसले. तीन पर्याय पुढे आले. सगळा वीकेंड मेनस्ट्रीमवर आणायचा: १८ जोड्यांनी प्लसचे पैसे भरलेत, तो अन्याय. सगळा प्लसच ठेवायचा: आठ जोड्या दोन दिवस अपमान गिळत राहणार. तिसरा, दोन हॉल. दोन कॉलर होते म्हणून तो शक्य झाला. एकच कॉलर आणणाऱ्या क्लबाला हा रस्ता नसतो.

जेवणाच्या हॉलमध्ये लॅमिनेटची फरशी होती. ही नशिबाची गोष्ट. गालिचा असता तर नकोच. गालिच्यावर बूट धरून बसतो आणि वळताना पीळ गुडघ्यावर जातो. शनिवारी सकाळी दहा ते बारा तिथे कार्यशाळा ठेवली: आठ नव्या जोड्या आणि आपणहून आलेल्या चार मुरलेल्या जोड्या, ज्यांना क्लबांत एंजल म्हणतात. बारा जोड्या, बरोबर तीन स्क्वेअर, प्रत्येकात किमान एक एंजल जोडी. उरलेल्या १४ जोड्या बार्नमध्ये दुसऱ्या कॉलरकडे, तीन स्क्वेअर आणि प्रत्येक टिपला दोन जोड्या विश्रांतीला. तिथे त्याने हात आखडता घेतला नाही. रिले द ड्यूसी, स्पिन चेन द गिअर्स, टीकप चेन, सगळे काढले.

कार्यशाळेत तीसपैकी फक्त चार कॉल शिकवले: रोल, स्प्रेड, एक्सप्लोड द वेव्ह आणि लोड द बोट. पहिले दोन लहान आहेत, दुसऱ्या कॉलांच्या शेपटीला लागतात आणि सतत येतात. लोड द बोट टोकाकडून आणि मधून, दोन्ही जागांवरून चालवून घेतला; एकाच जागेवरून शिकलेला कॉल संध्याकाळी हमखास दगा देतो. दोन तासांत दहा-बारा कॉल उरकायचा मोह बहुतेक कार्यशाळांना होतो आणि जेवणानंतर त्यातला एकही उरत नाही.

दुपारी शेताची ट्रॅक्टर-गाडीची फेरी होती. ती साडेचारपर्यंत लांबली आणि मग सगळे एकदम आंघोळीला गेले. शेताला विहिरीचा पंप आणि मर्यादित गरम पाणी. पन्नास माणसे तासाभरात नाहीत मावत. फेरी जेवणानंतर लगेच, तीनपर्यंत संपणारी ठेवावी आणि तीन ते पाच कागदावर ‘विश्रांती’ लिहावे. शेताच्या पॅकेजात संध्याकाळी वाइन आणि चीजही होते. नाचाआधी आणि नाचताना दारू नाही हा या मंडळींचा जुना रिवाज, त्यामुळे ते नाच संपल्यानंतरच्या गमतीजमतींच्या बैठकीत हलवले.

शनिवारची रात्र कशी लावली

साडेसात ते सव्वादहा, आठ टिपा. वेळापत्रक दाराशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत. विषम टिपा मेनस्ट्रीम आणि कार्यशाळेतले चार कॉल, सगळ्या जोड्यांसाठी, सहा स्क्वेअर. सम टिपा पूर्ण प्लस, १८ जोड्यांसाठी, चार स्क्वेअर. या टिपांना नव्या जोड्या बसल्या. दिवसभर नाचलेल्या पायांना ते नकोसे नव्हते. कोणत्याही टिपला फक्त दोनच जोड्या सक्तीने बाहेर राहिल्या आणि कोण कधी बसणार याची यादी आधीच केलेली होती. २४ जोड्या नाचतात आणि दोन बसतात तेव्हा ‘जो उशिरा आला तो बसला’ असे सोडून दिले, तर हळू चालणारीच माणसे दर वेळी बसतात.

स्क्वेअर लावणे मोकळे सोडले नाही. समितीतल्या एका बाईंनी दारातच आकडे लिहिलेली पत्ते-कार्डे वाटली. कार्डे सगळी एका रंगाची. कच्च्या जोड्यांना वेगळा रंग देणे म्हणजे त्यांच्या कपाळावर शिक्का मारणे. वाटणी मात्र विचारपूर्वक होती. विषम टिपांत आठ नव्या जोड्या सहा स्क्वेअरमध्ये अशा पडल्या की चारांत एकेक आणि दोघांत दोन-दोन. जिथे दोन होत्या तिथे त्यांना शेजारच्या जागा दिल्या, पहिली आणि दुसरी, समोरासमोरच्या नाही. कारण कॉलर आधी ‘हेड्स’ म्हणतो तेव्हा पहिली आणि तिसरी जोडी एकमेकांशी नाचतात. समोर मुरलेली जोडी असली की कच्चीचे निभते. शुक्रवारी अगदी उलटे झाले होते: ओळखीच्या नव्या जोड्या एकमेकींच्या आधाराने एकाच स्क्वेअरमध्ये उभ्या राहिल्या होत्या. घाबरलेली माणसे असेच करतात, आणि त्यांना ‘विखरून उभे राहा’ असे सांगून उपयोग नसतो.

पहिल्या विषम टिपमध्ये एक स्क्वेअर मोडला, रांगांत आला, सोळा मात्रांत परत शिरला. त्यानंतर रात्रभर मोडतोड नेहमीच्या प्रमाणात. प्लसच्या टिपा कडक झाल्या. नव्या जोड्या भिंतीशी बसून त्या पाहत होत्या, आणि पाहणे हेही शिकणेच.

तक्रार उरली ती १८ जोड्यांची. चार प्लस टिपांऐवजी आठ मिळायला हव्या होत्या, हे म्हणणे खरे होते आणि समितीने ते खोडायचा प्रयत्न केला नाही. रविवारी सकाळी बार्न संपूर्ण प्लससाठी ठेवला, मेनस्ट्रीम जेवणाच्या हॉलमध्ये. तिथे एक अडचण आली. सत्र साडेनऊ ते अकरा आणि खोल्या सोडायची वेळही अकरा. साडेदहालाच माणसे सामान बांधायला निघाली आणि शेवटच्या टिपला बार्नमध्ये दोनच स्क्वेअर उरले. खोल्या साडेबारापर्यंत मिळाव्यात हे करारातच लिहून घ्यायला लागते. शेतावर पुढचे पाहुणे बहुधा संध्याकाळी येतात, त्यामुळे आधी विचारले तर नाही म्हणत नाहीत.

कागदपत्रे आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म

विमा आणि परवाना या बाजूला काही बिघडले नाही. शेतवाले जबाबदारीच्या विम्याचे प्रमाणपत्र मागतात आणि त्यात त्यांचे नाव जोडून हवे असते. क्लबांना तो राष्ट्रीय संघटनेमार्फत गट-विमा म्हणून मिळतो. संगीताच्या सार्वजनिक वापराचा परवाना कॉलर स्वतः बाळगतात, त्यांच्याकडून प्रत घेऊन ठेवायची. ध्वनियंत्रणा कोणाची हे तोंडी नाही, लेखी.

बदल झाला तो करारात आणि फॉर्ममध्ये. हमी ५० वरून ३२ वर आली, म्हणजे १६ जोड्या, बरोबर चार स्क्वेअर. त्यावर येणारे जादा. आठने भाग जाणारा आकडा धरला की जोड्या बसवून ठेवाव्या लागत नाहीत. आकडा कमी करायची ६० दिवसांची तारीख खजिनदाराच्या आणि अध्यक्षांच्या, दोघांच्या कॅलेंडरवर गेली. त्या तारखेला नोंदणी कमी असेल तर पहिला फोन शेजारच्या प्लस क्लबांना आणि दुसरा कॉलरांना.

फॉर्मवर आधी एकच प्रश्न होता: ‘तुमची पातळी?’ त्याला सगळे आपण पोहोचलेल्या किंवा पोहोचू इच्छिणाऱ्या पातळीचे नाव लिहितात. आता तिथे चार प्रश्न आहेत. गेल्या सहा महिन्यांत प्लसच्या नाचाला महिन्यातून किती वेळा गेलात. कोणत्या बाजूने नाचता, दोन्ही येतात का. लोड द बोट आणि रिले द ड्यूसी कोणत्याही जागेवरून, आधी चालवून न घेता जमतात का. आणि सलग दोन टिपा नाचायला पाय तयार असतात का, की मध्ये एक सोडायला आवडेल. या शेवटच्या प्रश्नाला ‘एक सोडायला आवडेल’ म्हणणारे पुरेसे निघाले, तर विश्रांतीची यादी सक्तीने करावीच लागत नाही.